बसणाऱ्याचा वाटा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव सांगतो : दुबे सर. सालेकशाजवळच्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. बाबांना सही येत होती, मायला तीही येत नव्हती. मी पदवी घेतली, पुढे शिक्षक झालो आणि आता गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजूला एका शाळेत तोच विषय शिकवतो, जो मला कधीच येणार नाही अशी सगळ्या गावाची खात्री होती. शिक्षकदिनाला मी सरांचं नाव घेतो. मुलं टाळ्या वाजवतात. मी खाली बसतो, आणि जे सांगायला उठलो होतो ते दर वर्षी तोंडातच राहतं.

पुन्हा मार्च आला आहे. दहावीचे पेपर आणि मोहफुलं आमच्याकडे एकत्रच येतात. झाडावर पान नसतं, नुसत्या फांद्या असतात, आणि पहाटेपासून त्या फांद्यांवरून टप, टप, टप असं पडत राहतं. फिक्कट, जाड, रसाळ फुलं. हातात घेतली की बोटांना चिकटतात. वास असा की उपाशी पोटी गरगरायला होतं. दर वर्षी हा वास आला की मी चालता चालता थांबायचो. यंदा थांबलो नाही. बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पाय झोपतो, आपलाच असून आपला वाटत नाही, तसं आतलं सगळं झालं आहे. मी हात लावून पाहतो. लागत नाही.

माय माघात गेली. कचारगडच्या जत्रेला निघालेल्या गाड्या गावावरून जात होत्या, लोक जयजयकार करत होते, आणि आम्ही तिला घेऊन नाल्याकडे चाललो होतो. मी रडलो नाही. लोकांना वाटलं, मास्तर आहे, शिकलेला आहे, धीराचा आहे.

जाण्याच्या दोन दिवस आधी ती मला म्हणाली होती, “मास्तरचा वाटा रायला गा आपल्याकडे.”

“कोणता वाटा, माय?” मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

“तुले नाही माहीत?” एवढंच म्हणून तिने तोंड भिंतीकडे केलं.

आमच्याकडे मोहाच्या झाडाचे हक्क घराघरांत ठरलेले असतात. झाड जंगलात असलं तरी ते कुणाचं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. फुलं पडायला लागायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून मध्ये गोळा करतात आणि पेटवून देतात, म्हणजे काळ्या स्वच्छ जमिनीवर पांढरं फूल दिसतं. हे काम करायची रीत आहे. ऊन उतरल्यावर, वारा पडल्यावर, आणि कधीही एकट्याने नाही. दोघंजण हिरव्या डहाळ्या घेऊन कडेला उभे राहतात, शेवटची ठिणगी विझेपर्यंत हलत नाहीत. दुसरी रीत वाट्याची. जो पहाटेपासून झाडाखाली बसतो, गुरं-हरणं हाकलतो, फुलं वेचतो, त्याला हंगामाच्या शेवटी पायलीभर वाळलेला मोह द्यायचा. तो घरचा असो की परका. त्याला बसणाऱ्याचा वाटा म्हणतात. तो ठेवून घेणं आमच्याकडे फार वाईट समजतात.

मी दहावीत होतो त्या वर्षी मायचा हात मोडला. विहिरीच्या पायरीवरून घसरली, उजवं मनगट गेलं. धान निघाल्यावर बाबा नेहमीप्रमाणे रायपूरकडे कामाला गेले होते. सराव परीक्षेत मी इंग्रजीत नापास झालो होतो. मी ठरवून टाकलं, यंदा पेपर नाही द्यायचे, मोह वेचायचा. पहाटे झाडाखाली नाही गेलं तर अर्धी फुलं अस्वलं नाहीतर दुसऱ्याची गुरं खातात.

चार दिवस शाळेत गेलो नाही तेव्हा दुबे सर घरी आले. ते गोंदिया शहरातले, राइस मिलमागच्या गल्लीत वाढलेले. बोलणं निम्मं हिंदी, निम्मं मराठी. नोकरीसाठी गावात पाटलांच्या मागच्या खोलीत राहायचे. जंगलाशी त्यांचा संबंध रेल्वेच्या खिडकीतून दिसतं तेवढाच.

“काकू, लडका कहाँ है?” दारातच त्यांनी विचारलं.

“मोहाखाली बसून रायला,” माय म्हणाली. “हात मोडला मा सर, मंग वेचन कोन?”

“मी वेचतो.”

माय हसली. “तुमाले जमते का? कंबर मोडते त्यात.”

“कमर पहलेच मोडलेली आहे, काकू. खुर्चीवर बसून बसून. आता वाकून बघू.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ते खरंच आले. मफलर, टॉर्च, आणि पायात शहरातले बूट. मी वेचायला वाकलो तर त्यांनी माझ्या हातातून टोपली काढून घेतली. “तू नाही. तू झाडाभोवती चक्कर मार आणि बोल.”

असा माझा अभ्यास सुरू झाला. सर वेचायचे, मी फिरायचो. माझ्या चुका बहुतेक आर्टिकलच्या. कुठे अ, कुठे ॲन, कुठे द, कुठे काहीच नाही. मराठीत हे नसतंच, त्यामुळे मी मीठ टाकल्यासारखं अंदाजाने टाकायचो. सरांनी नियम बाजूला ठेवले. “नियम बाद में. पहले जीभ को आदत लगाओ,” म्हणाले. रोज वापरातले शब्दसमूह त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून आणले आणि तो कागद मोहाच्या सालीत खोचून ठेवला. इन द मॉर्निंग. ॲट नाइट. हॅव अ बाथ. हॅव ब्रेकफास्ट. बाय ट्रेन. इन अ हरी. ॲन अवर.

“गो टू स्कूल,” मी म्हणायचो.

“द लावू का?”

“नाही सर.”

“का नाही?”

“शिकायला जातो म्हणून.”

“शाब्बास. तुझा बाप तक्रार घेऊन शाळेत गेला तर?”

“गो टू द स्कूल.”

“और एमएलए आले तर?”

“ॲन एमएलए.”

“हाँ. आमदार कितीही मोठा असो, ॲनशिवाय स्टेजवर चढत नाही.” स्वतःच्या विनोदावर ते एवढे हसायचे की टोपली कलंडायची.

एकदा माय मोडका हात गळ्यात बांधून पाहायला आली. थोडा वेळ ऐकून म्हणाली, “हे अ आन् द आपल्या बोलीत नाही. आपलं त्याच्याबिगर अडते का?”

“आपलं नहीं अडता, काकू. पेपर तपासणाऱ्याचं अडतं.”

“मंग त्यालेच शिकवा नं.”

सर तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. माय तोंडाला पदर लावून हसली. त्या हंगामातलं हे हसणं मला अजून दिसतं. ऐकू मात्र येत नाही. तोंड हलतं, आवाज नाही.

कागदावर एक जोडी होती : टेल अ लाय, टेल द ट्रुथ. आता मी शिकवताना ही जोडी घाईने उरकतो. मुलं विचारतात, एकाला अ आणि दुसऱ्याला द का? मी म्हणतो, पाठ करा, पुढे चला.

दर रविवारी मी नागझिरा अभयारण्याच्या एका गेटावर गाइड मुलांना बोलायचं इंग्रजी शिकवायला जातो. बाहेरगावचे पाहुणे येतात, त्यांच्याशी चार वाक्यं बोलता यावीत म्हणून. ती मुलं हुशार आहेत. मागच्या महिन्यात त्यांच्यातला दिलीप म्हणाला, “सर, वाघ दिसला का आमी नुसतं बोट दाखवतो. तेव्हा अ का द, कोन पायते?” सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. मग त्याने एक कागद पुढे केला. उन्हाळ्यासाठी नवे फलक करायचे होते, मराठी मजकुराखाली इंग्रजी हवं होतं. मराठी ओळ होती : जंगलात आग लावू नका.

सोपं वाक्य. मी पेन काढलं. डू नॉट लाइट, इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. काही आठवलं म्हणून नाही, काही दाटून आलं म्हणूनही नाही. हात फक्त थांबला. दिलीप वाट पाहत होता. “सर, काय लावाचं याच्यात?” त्याने विचारलं. मी म्हणालो, “पुढच्या रविवारी देतो.”

माझ्या दहावीच्या पेपरला दोन दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. मधल्या दिवसांतल्या वाऱ्याने आजूबाजूच्या ऐन-तेंदूचा पाला आमच्या मोहाखाली पुन्हा येऊन पडला होता. सरांना त्यात फुलं सापडत नव्हती. ते एकेक पान उचलून खाली पाहायचे, आणि त्यांचा वेळ जायचा, आणि मलाच लाज वाटायची. मला वाटलं, आपण जमीन साफ करून ठेवू, उद्या सरांना सोपं जाईल. मी दुपारी चुलीजवळची मायची काडेपेटी खिशात टाकली आणि निघालो. संध्याकाळपर्यंत थांबता आलं असतं. पण शाळेतून हॉल तिकीट आणायचं होतं, तीनच्या आत. सोबतीला कुणाला बोलावलं नाही. सगळे आपापल्या झाडांचा मोह वाळवण्यात होते. पाला गोळा केला, पेटवला, जाळ खाली बसला तसा पायाने माती ढकलली. विझलं असं वाटलं. धावत शाळेत गेलो.

हॉल तिकीट घेऊन परतताना डोंगराकडे धूर दिसला.

वणवा बांबूतून वर चढला. गाव डहाळ्या घेऊन धावलं. मीही धावलो, मीही झोडपलं, माझेही केस करपले. संध्याकाळी तो नाल्याशी थांबला. माणूस कुणी गेलं नाही, गुरंही नाही. पण चार घरांची मोहाची झाडं होरपळली. त्या घरांचा त्या वर्षीचा हंगाम तिथेच संपला.

सकाळी वनरक्षक आला, मागे अर्धं गाव. आग कुठून सुरू झाली हे राखेवरून सरळ दिसत होतं. आमच्या झाडाखालून. आमचं झाड उभं होतं आणि त्याखाली नेहमीप्रमाणे दुबे सर टोपली घेऊन बसले होते. आम्ही पोचायच्या थोडंसंच आधी त्यांनी राखेच्या कडेवरून काहीतरी उचलून खिशात टाकलेलं मी पाहिलं होतं. काडेपेटी होती ती. पळताना माझ्या खिशातून पडली असणार.

“हे झाड कुणाचं?” वनरक्षकाने विचारलं.

“आमचं,” मी म्हणालो. तेवढं बोललो.

“काल कोणी पेटवलं?”

माझ्या शर्टाच्या खिशात हॉल तिकीट होतं, घडी न मोडता ठेवलेलं, अर्धं बाहेर. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फार वेळ नाही. एक फूल पडून जमिनीला लागावं एवढाच वेळ.

“मैंने,” ते म्हणाले. “मी पेटवलं, साहेब. पाला बहुत था. मला वाटलं विझलं.”

गावाने ताबडतोब विश्वास ठेवला. आमच्यातलं कुणी वाऱ्यात, भर दुपारी, एकट्याने पेटवेल हे त्यांना खरंच वाटलं नसतं. ही चूक शहरातल्या माणसाचीच असणार. सरांचं खोटं बोलणं आमच्या रीतीमुळे खरं ठरलं. फुलीचंदबाबा, ज्यांचं झाड सगळ्यात जास्त होरपळलं होतं, ते थुंकले आणि म्हणाले, “पुस्तक वाचून जंगल कळते का? सारा जरून टाकलान आगलाव्या मास्तरनं.”

सरांनी पंचनाम्यावर सही केली. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो. एक शब्द म्हणायचा होता. तो माझ्या तोंडात होता, तिन्ही भाषांत होता. मी हॉल तिकीट खिशात आत सरकवलं.

संध्याकाळी मायने चुलीजवळ काडेपेटी शोधली. कोनाड्यात पाहिलं, उतरंडीमागे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. शेजारून विस्तव मागून आणला आणि चूल पेटवली. ती त्यावर कधी काही बोलली नाही.

पेपरच्या सकाळी सर झाडाखाली नव्हते. पाटलांनी त्यांना खोली सोडायला सांगितली होती. ते मला सालेकशाला परीक्षा केंद्राच्या दाराशी भेटले, हातात सामानाची पिशवी, पायात तेच बूट, आता राखेने करडे झालेले. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, “ॲन अवर. अ युनिव्हर्सिटी. भूलना मत.” मी मान हलवली. आत जाऊन पेपर लिहिला. रिकाम्या जागा एकामागून एक भरल्या, सगळ्या बरोबर. बोटं लिहीत होती आणि मी बाजूला बसून पाहत होतो. ते बाजूला बसणं तिथून सुरू झालं असावं.

जूनमध्ये सर शाळेत परत आले नाहीत. बदली झाली म्हणून कळलं, त्यांनी मागितली की झाली ते कळलं नाही. मायने त्या वर्षी पायलीभर मोह वेगळा काढला, छोट्या ढोलीत, म्हणजे बांबूच्या कणगीत भरला, वर फडकं बांधलं. पण तो पाठवणार कसा? वाटा पाठवला असता तर गावाने विचारलं असतं, आगलाव्याला वाटा कायले? त्याला उत्तर द्यावं लागलं असतं. पुढच्या वर्षी तो जुना मोह काढून तिने नवा भरला. त्याच्या पुढच्या वर्षीही. मी कॉलेजात गेलो, नोकरीला लागलो, माझं लग्न झालं. कोपऱ्यातली ती ढोली दर वर्षी ताजी होत राहिली.

आणि गावात गोष्ट जगली. हंगामाच्या आधी सगळे एकत्र बसून पाला पेटवायचा दिवस ठरवतात, तेव्हा म्हातारे पोरांना बजावतात, “एकटा नोको जाजो, आगलाव्या मास्तरसारखा होशीन.” ज्यांनी सरांना कधी पाहिलं नाही ती पोरंही आता हेच म्हणतात. दर वर्षी त्या बैठकीत मी असतो. शिकलेला म्हणून मला बाजेवर बसवतात.

माय गेल्यावर घर आवरताना ढोली हाताशी आली. फडकं सोडलं. आत मागच्या वर्षीचा मोह होता, काळसर, मनुक्यासारखा. मी एक तोंडात टाकला. गोड होता एवढं कळलं. तेवढंच कळलं.

यंदाची बैठक झाली. फुलं पडायला लागल्यावर आठ दिवस सुटी काढून रोज पहाटे झाडाखाली बसलो. कंबर मोडली. मोह अंगणात वाळवला. गाइड मुलांचा फलक पूर्ण करून दिला. दिलीप शनिवारी गोंदियाला जाणार होता, राइस मिलमागची गल्ली त्याला माहीत होती. त्याच्या हाती एक पिशवी दिली, आणि हे पत्र.

आदरणीय सर,

सादर प्रणाम.

मी खेमराज. मोडक्या हाताच्या काकूंचा मुलगा. तुम्ही निवृत्त होऊन गोंदियाला राहता हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे. माझ्या शाळेपासून तुमचं घर बसने तासाभरावर आहे. तरी आलो नाही. समोर आलो असतो तर तुम्ही दुसरंच काही बोलायला लागला असता आणि मी ऐकत बसलो असतो. म्हणून लिहितो.

आग मी लावली होती. दुपारी, एकट्याने. तुम्हाला हे त्या सकाळपासून माहीत आहे. मी मात्र हे आजवर एकदाही म्हणालो नव्हतो.

माय माघात गेली. तिलाही माहीत होतं.

यंदा पाल्याच्या बैठकीत फुलीचंदबाबांनी नेहमीप्रमाणे तुमचं नाव काढलं. मी बाजेवरून उठलो आणि सांगितलं, तो मास्तर मी.  मग फुलीचंदबाबा म्हणाले, “आता सांगून रायला?” मी हो म्हणालो. ते म्हणाले, “मंग त्या मास्तरनं कायले म्हनलान का मी पेटवलं?” मी म्हणालो, दोन दिवसांनी माझा पेपर होता.  फुलीचंदबाबांनी विचारलं, “त्याचा वाटा देला का?” मी नाही म्हणालो. ते उठून गेले. जाताना माझ्याशी बोलले नाहीत, अजूनही बोलत नाहीत. बाकीचेही थोडेच बोलतात. ते बरोबर आहे. पोरांना आता माझं नाव सांगून बजावतात.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर मोकळं वाटेल, रडू येईल. तसं काही झालं नाही. घरी जाऊन जेवलो, झोपलो. पण फुलं सुरू झाल्यावर पहिल्या पहाटे झाडाखाली गेलो तेव्हा ती पडण्याचा आवाज येत होता. बऱ्याच वर्षांत मी तो नीट ऐकला नव्हता.

पिशवीत पायलीभर मोह आहे. माझ्या हाताने वेचलेला, अंगणात वाळवलेला. हा बसणाऱ्याचा वाटा. तुमचा आहे, पाठवायला उशीर झाला.

मी मुलांना इंग्रजी शिकवतो. तुमच्यासारखं येत नाही, पण शिकवतो. नियम नंतर, सवय आधी.

आपला विद्यार्थी,
खेमराज

ता. क. त्या सकाळी राखेच्या कडेवरून उचललेली काडेपेटी अजून तुमच्याजवळ असेल, तर ती माझी आहे.